सर्क्युलेशन पंप बसवताना आधी पाणी, मग वीज

तुमचा प्रश्न असा आहे: गरम पाण्याची टाकी एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. नळ सोडला की गरम पाणी यायला दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर बादलीभर गार पाणी वाया जातं. म्हणून न्हाणीघरापासून टाकीपर्यंत परतीची लाइन टाकून घेतलीत आणि तिच्यावर बसवायला, गरम पाणी सतत फिरवत ठेवणारा छोटा वेट रोटर पंप आणून ठेवलात. तो कुठे बसवायचा, वीज कशी जोडायची, पहिल्यांदा चालू करताना काय जपायचं हे तुम्ही विचारलंय, आणि शॉकची भीती वाटते असंही लिहिलंय.

भीती रास्त आहे, ती राहू द्या. पण या कामात मी जे मेलेले पंप पाहिले, त्यातले फार थोडे विजेने गेले. बहुतेक हवेने गेले, तेही पहिल्याच दिवशी, कारण पंप बसला की लगेच बटण दाबून बघायचा मोह कुणाला आवरत नाही. वेट रोटर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो. कॉइल आणि पाणी यांच्यामध्ये स्टीलचा एक पातळ डबा, एवढंच अंतर. बेअरिंगला तेल नाही, ग्रीस नाही. तुमच्या पाइपातलं पाणी हेच त्याचं वंगण आणि तेच त्याची उष्णता वाहून नेणारं. कोरडा फिरवलात तर बेअरिंग घासायला लागते, आणि एकदा घासली की पंप पुढे चालेल, पण आयुष्यभर कुरकुर करत. ‘फक्त एक सेकंद फिरवून बघितला’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

खोका उघडलात की आधी पाटी वाचा. वापराच्या पाण्याच्या लाइनवर पंपाची बॉडी पितळ, ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टीलची हवी. ओतीव लोखंडाची बॉडी बंद चक्रात चालते, कारण तिथे तेच ते पाणी फिरत राहतं आणि त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. तुमच्या लाइनवर रोज नवं पाणी येणार, म्हणजे रोज नवा ऑक्सिजन. लोखंड गंजणार आणि नळाला तांबूस पाणी येणार. तुम्ही आणलेला लोखंडी निघाला तर बसवू नका, बदलून घ्या. बाकी पाटीवर व्होल्टेज, कमाल तापमान आणि कमाल दाब बघून ठेवा.

‘घर दोन मजली आहे, मग पंप दोन मजले चढवणारा नको का?’ हेही तुम्ही विचारलंय. नको. फिरत्या लाइनमध्ये एका बाजूने जेवढं पाणी वर जातं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येतं, त्यामुळे उंची आपसूक कटते. पंपाला फक्त पाइप, बेंड आणि वॉल्व्ह यांच्यातल्या घर्षणाशी लढायचं असतं. परतीच्या लाइनला मिनिटाला दोन-चार लिटर फिरले तरी बहुतेक घरांत पुरतं. जोरदार पंप लावलात तर आवाज वाढतो आणि तांब्याचा पाइप असेल तर वेगाने बेंडजवळ आतून झिजतो. वेग दुप्पट केला की वीज जवळपास आठपट लागते, हेही लक्षात असू द्या.

आता जागा. पंप परतीच्या लाइनवर, टाकीजवळ, सहज हात पोचेल अशा ठिकाणी. लाइनच्या अगदी तळाशी नको, तिथे गाळ बसतो. अगदी माथ्यावरही नको, तिथे हवा जमते. पाण्याच्या वाहत्या दिशेने क्रम असा: परतीचा पाइप, बॉल वॉल्व्ह, गाळणी, पंप, ड्रेनचा छोटा कॉक, नॉन-रिटर्न वॉल्व्ह, दुसरा बॉल वॉल्व्ह, मग टाकी. पंपाच्या अंगावरचा बाण टाकीकडे. नॉन-रिटर्न वॉल्व्हवर दोन पैसे वाचवावेसे वाटतील, पण तो नसला की न्हाणीघरातला नळ सोडल्याबरोबर टाकीच्या तळचं गार पाणी परतीच्या लाइनमधून उलटं ओढलं जातं, आणि गरम पाण्यासाठी केलेला सगळा खटाटोप गार पाणी देतो. पंपाच्या दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह असले की उद्या पंप काढायची वेळ आली तरी टाकी रिकामी करावी लागत नाही. तो ड्रेनचा कॉक मात्र बहुतेक जण लावत नाहीत. तो का लावायचा ते पुढे सांगतो.

शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, आडवाच हवा. पाइप उभा असो की आडवा, मोटरचं तोंड बाजूला राहिलं पाहिजे. वर नको, खाली नको. मोटर वर केली तर रोटरच्या कप्प्यात हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि वरची बेअरिंग कोरडी राहते. खाली केली तर गाळ आत उतरतो. तसंच वायर जोडायचा डबा पंपाच्या खाली येऊ देऊ नका. या बाबतीत माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका अडचणीच्या कोपऱ्यात मी पंप असा बसवला की डबा नेमका युनियनच्या, म्हणजे पंप पाइपाला जोडणाऱ्या नटाच्या, खाली आला. महिन्याभराने निरोप आला, आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच) पडतोय. गेलो, मल्टिमीटर लावला, सगळं ठीक. परत आलो, पुन्हा निरोप. तिसऱ्या खेपेला तिथेच स्टूल टाकून बसलो. अर्ध्या तासाने वरच्या युनियनवर एक थेंब जमला, बॉडीवरून ओघळला, केबलवर उतरला आणि केबल धरून थेट ग्लँडमध्ये, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथल्या बुचात, शिरला. गळती एवढी बारीक की पाइप गरम असताना थेंब वाटेतच सुकून जायचा. आता मी मोटरचे चार ॲलन बोल्ट काढून डोकं फिरवतो आणि डबा बाजूला घेतो. हे पंप बसवण्याआधी, टेबलावर करायचं काम आहे. डोकं फिरवताना मधली रबरी रिंग मुरगळू देऊ नका, आणि बोल्ट एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

पाइप नवा असेल तर त्यात कापल्याचा चुरा, टेफलॉनचे धागे, डाग दिल्याचं फ्लक्स असं काहीबाही असतंच. म्हणून लाइन धुवायच्या आधी पंप लावू नका. पंपाच्या लांबीचा, बहुधा १३० किंवा १८० मिलिमीटरचा, पाइपचा तुकडा पंपाच्या जागी बसवा, पाणी जोरात सोडून लाइन धुऊन काढा आणि मग तुकड्याच्या जागी पंप घ्या. युनियनच्या सपाट तोंडावर रबरी वॉशरच सील करतो, तिथे टेफलॉन गुंडाळून उपयोग नाही. हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. एक पाना नटावर आणि दुसरा समोरच्या अंगावर धरा, म्हणजे पिळ पाइपाला जात नाही. पाइप दोन्ही बाजूंनी क्लँपवर उभे असावेत. पंप पाइपात बसतो, पाइप पंपावर टेकत नाहीत.

विजेचं बोलू. घरात अर्थिंग आहे की नाही याची खात्री नसेल, पंपासाठी नवी लाइन ओढावी लागणार असेल किंवा जागा न्हाणीघराच्या आतच असेल, तर पाइपाचं काम तुम्ही करा आणि विजेसाठी परवानाधारक माणूस बोलवा. यात कमीपणा नाही. मी स्वतः दोन्ही कामं करतो, तरी दुसऱ्याच्या बोर्डात हात घालताना मला आजही घाई सुचत नाही.

स्वतः जोडणार असाल तर लाइनवर ३० मिलिॲंपिअरचा आरसीसीबी हवाच. पंप इलेक्ट्रॉनिक असेल तर तो ए टाइपचा घ्या, साधा एसी टाइप तिथे भरवशाचा नाही. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) वायरला वाचवतो, आरसीसीबी तुम्हाला वाचवतो, म्हणून एक आहे म्हणून दुसरा नको असं होत नाही. पंप बंद करायचा स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. उत्पादक प्रत्येक संपर्कात किमान ३ मिलिमीटर अंतर मागतात ते यासाठीच. नुसत्या भिंतीवरच्या एका बटणावर विसंबून डबा उघडू नका. कधी काळी कुणी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर बटण बंद असतानाही आत फेज हजर असतो.

मेन बंद केलं की तिथे चिठ्ठी लावा, शक्य असेल तर कुलूप घाला. आतल्या खोलीतून कुणीतरी ‘लाइट का गेली’ म्हणत एमसीबी वर करेल, याचा नेम नसतो. मग मल्टिमीटर घ्या. आधी एखाद्या चालू पॉइंटवर लावून मीटर जिवंत आहे हे बघा, मग पंपाच्या वायरवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही तपासा, आणि पुन्हा चालू पॉइंटवर लावून मीटर मध्येच मेला नाही ना ते बघा. खिशातल्या टेस्टरच्या दिव्यावर हा निर्णय सोडू नका. दिवा लागला नाही याचा अर्थ वीज नाही असाच होतो असं नाही. दिवाच गेलेला असू शकतो. डबा आधी जोडलेला आणि नुकताच बंद केलेला असेल तर पाच मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

डब्यात वायर घेताना अर्थची वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा बोटभर लांब ठेवा. केबलला कधी हिसका बसला तर सगळ्यात शेवटी अर्थ सुटावी, यासाठी ही लांबी. सुटे तार असतील तर टोकाला फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी टोपी) दाबा. एकही तार टर्मिनलच्या बाहेर मिशीसारखी राहू नये. ग्लँड केबलच्या जाडीचा हवा आणि आवळलेला हवा. केबल डब्यात वरून सरळ उतरवू नका. तिला खाली झोळ द्या आणि मग वर नेऊन आत घ्या, म्हणजे केबलवरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. माझ्या त्या कोपऱ्यात हा झोळ असता तर तीन खेपा वाचल्या असत्या. साधी पीव्हीसी केबल गरम पाइपाला टेकू देऊ नका, तिचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं. अर्थिंगसाठी पाण्याच्या पाइपावर भरवसा ठेवू नका. मध्ये कुठे प्लॅस्टिकचा तुकडा आला की ती अर्थ नावालाच उरते.

डब्याचं झाकण लावून स्क्रू आवळा. मेन अजून बंदच. आता पाणी.

हीटर बंद हवा आणि टाकीतलं पाणी गार. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, आणि हवा काढताना पाणी अंगावर उडतंच. टाकी भरून घ्या. न्हाणीघरातला सर्वांत लांबचा गरम नळ सोडा आणि तो थुंकणं थांबून सलग धार येईपर्यंत वाहू द्या. मग नळ बंद. आता पंपाजवळ या. टाकीकडचा बॉल वॉल्व्ह बंद ठेवा, परतीकडचा उघडा, आणि तो ड्रेनचा छोटा कॉक, ज्याला नळी लावून बादलीत सोडलीत, तो हळूच उघडा. पाणी टाकीतून निघून न्हाणीघरापर्यंत जाईल, परतीच्या लाइनने येईल, पंपातून सरळ दिशेने वाहील आणि नळीतून बाहेर पडेल. पहिल्यांदा नुसता फुसकारा येतो. मग फेस, मग नळी फटके मारत पाणी टाकते, मध्येच थांबते, पुन्हा उसळते. बरेच जण इथे कॉक बंद करतात. करू नका. नळीचं तोंड बादलीतल्या पाण्याखाली धरा, म्हणजे बुडबुडे दिसतात. बुडबुडे थांबले की आणखी दोन मिनिटं वाहू द्या. लाइनच्या दुसऱ्या टोकाला दडलेली हवा उशिरा येते.

पाणी वाहत असताना पंपाचं चाक आपोआप फिरू शकतं. नव्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, त्यामुळे असा फिरणारा रोटर उलट वीज तयार करतो. म्हणून झाकण आधी लावायला सांगितलं. मेन बंद आहे एवढ्या आधारावर वाहत्या पाण्यात टर्मिनलला बोट लावू नका. याच चुंबकांमुळे हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने रोटर बाहेर काढायच्या कामापासून लांब राहावं.

पंपाला समोर मधोमध मोठा स्क्रू असेल तर तो हवा काढायचा. खाली फडकं धरा, अर्धा फेरा सैल करा, थेंब-थेंब पाणी यायला लागलं की पुन्हा आवळा. बऱ्याच नव्या पंपांत हा स्क्रू नसतो, ते हवा स्वतः बाहेर टाकतात. मग कॉक बंद, टाकीकडचा वॉल्व्ह उघडा. दोन्ही वॉल्व्ह उघडे आहेत हे दांडी बघून खात्री करा, कारण बंद वॉल्व्हवर चालणारा पंप आतलं ओंजळभर पाणी घुसळत तापवत राहतो.

पाय कोरडे, हात कोरडे, जमिनीवरचं पाणी पुसलेलं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो ना ते बघा. पुन्हा चढवा आणि पंप चालू करा. वेगाचे टप्पे असतील तर पाच-दहा मिनिटं सर्वांत वरच्या टप्प्यावर चालवा, उरलेली हवा रेटली जाते. मग एकदा बंद करून पाच मिनिटं थांबा. हवा वर चढते. न्हाणीघरातला नळ सोडून ती बाहेर काढा आणि पुन्हा चालू करा. त्यानंतर गरम पाणी पुरेसं लवकर येईल अशा सर्वांत खालच्या टप्प्यावर ठेवा.

कान लावा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली की आतलं स्पष्ट ऐकू येतं. नीट चालणारा पंप एकसारखा गुणगुणतो. खळखळ येत असेल तर हवा आहे, पुन्हा काढा. बारीक खडी फिरल्यासारखं वाजत असेल तर पंपाच्या तोंडाशी दाब कमी पडतोय आणि पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटताहेत. गाळणी तुंबली आहे का, आधीचा वॉल्व्ह अर्धवट उघडा आहे का ते बघा. पाणी जितकं गरम तितका हा त्रास लवकर होतो. नुसता हुंकार येतोय पण फिरत नाही, तर ताबडतोब बंद करा. बरेच दिवस पडून राहिलेल्या पंपाचा रोटर क्षाराने चिकटतो. मेन बंद करून, दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद करून तो समोरचा स्क्रू काढला की शाफ्टच्या टोकाला खाच दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच फिरवा, सुटतो. सुटत नसेल तर जोर करू नका.

आरसीसीबी पडला तर तो खराब आहे असं ठरवून बायपास करणारे लोक आहेत. त्यांच्यातले होऊ नका. चालू करताक्षणी पडत असेल तर बहुधा जोडणीत चूक आहे किंवा कॉइल गेली आहे. काही वेळाने पडत असेल तर ओल शोधा, आणि ती डब्यापासून शोधायला सुरुवात करा.

आता हीटर चालू करा. टाकी ६० अंशांवर आणि परतीचं पाणी ५० च्या खाली जाणार नाही असं ठेवा. कोमट पाणी पाइपात साचून राहिलं की त्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. पाइपांना इन्सुलेशन घाला, पंपाच्या बॉडीलाही चालेल, पण मोटर आणि डबा उघडे सोडा. मोटरला तिची उष्णता हवेतच टाकायची असते. टायमर लावणार असाल तर पंप दिवसातून निदान काही मिनिटं तरी फिरेल असा लावा, म्हणजे रोटर चिकटत नाही.

आठवड्याने एकदा परत या. गरम-गार होऊन वॉशर थोडे बसलेले असतात. कोरड्या टिश्यूचा तुकडा प्रत्येक युनियनच्या खालून फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर डाग पाडते. जिथे डाग दिसला तिथे पंप बंद करून, पाइप गार झाल्यावर, पान्याने थोडंसं आवळा. मग गाळणी उघडून धुवा. पहिल्या आठवड्यात तिच्यात काय काय निघतं ते बघितलंत की लाइन आधी धुवायला का सांगितलं होतं ते कळेल.